थव्याचे डोळे

निफाडचा पारा किती उतरला, हे जानेवारीत सगळ्या महाराष्ट्राला पेपरातून कळतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला तो आकडा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि तशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून बसतात. अशाच एका पहाटे आम्ही चौदा जण नाशिकहून दोन गाड्यांत कोंबून निघालो. स्वेटर, मफलर, माकडटोप्या, तीन थर्मास. दुर्बिणी मात्र नऊच. पोचलो तेव्हा उजाडत होतं. नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावरून वाफ निघत होती आणि त्या वाफेच्या आतून नुसता आवाज येत होता: हजारो पक्ष्यांचा, बाजार भरल्यासारखा.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पक्ष्यांची नावं मला उशिरा आली, मोजायची खोड मात्र जुनीच. त्यामुळे या ग्रुपमध्ये मोजणी माझ्याकडे आणि नावं इतरांकडे, अशी वाटणी आपोआप झाली आहे.

आधी जागेबद्दल. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला. कालव्यांना पाणी द्यायचं, एवढाच त्याचा हेतू. पण नदी नुसतं पाणी आणत नाही, गाळही आणते. बंधाऱ्यापाशी प्रवाह मंदावला की गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं तो साचत गेला, पाण्यात बेटं उगवली, खोल पाण्याच्या जागी उथळ डबकी, दलदल आणि पाणकणसाची रानं आली. साठवणीच्या हिशेबाने बघाल तर हे अपयशच, कारण जेवढा गाळ तेवढं पाणी कमी. पक्ष्यांच्या हिशेबाने याच्यासारखी मेजवानी नाही. डुबी न मारणाऱ्या बदकांना मान खाली घालून तळ गाठता यायला हवा, आणि तो त्यांना हातभर पाण्यातच गाठता येतो. चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांना तर वीतभर पाणीही जास्त होतं. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी काटक्यांवर त्याहून थोडा आत जातो, चित्रबलाक आणखी आत. पाय किती लांब, यावर कुणी कुठे जेवायचं ते ठरतं.

शिवाय इथली पातळी स्थिर नसते. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे पाणटिवळे हजर. पावसाळ्यात तर ‘नांदूरमधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक’ ही बातमी नाशिक आणि मराठवाड्याच्या भांडणाचं मीटरच असते. पण ते असो. १९८६ साली इथे सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. तिथल्या नोंदींनुसार २६५ जातींचे पक्षी इथे दिसले आहेत आणि त्यातले १४८ स्थलांतरित.

आम्ही मनोऱ्यावर चढलो. धुकं विरळ व्हायला लागलं तसा समोरचा काळा पट्टा फुटून त्याचे ठिपके झाले. ते सगळे वारकरी. काळाकुट्ट अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा, म्हणून या पक्ष्याला हे नाव पडलं असणार. शेकड्यांनी पसरले होते. तेवढ्यात पाणकणसाच्या वरून दलदली भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी आला. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, खाली बघत, संथ. आणि जे झालं ते बघण्यासारखं होतं. पसरलेले वारकरी आतल्या आत सरकत गेले. एखाद्या सतरंजीचं चारही बाजूंनी गाठोडं बांधावं तसं. अर्ध्या मिनिटात अख्ख्या पाण्यावर एकच घट्ट काळा गोळा.

डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली या गोळ्याची भूमिती मांडली. त्याचं म्हणणं असं की, यात एकमेकांची काळजी वगैरे काही नाही. प्रत्येक पक्ष्याभोवती पाण्याचा एक तुकडा असतो, ज्यात तोच सगळ्यांत जवळचा. शिकारी त्या तुकड्यात उतरला तर बळी तोच. मग हा तुकडा लहान कसा करायचा? शेजाऱ्याच्या जवळ सरकून. शेजारीही तेच करतो. प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मधे ठेवायला बघतो, आणि बाहेरून आपल्याला दिसते एकी. हॅमिल्टनने याला ‘स्वार्थी कळप’ म्हटलं. वारीतल्या वारकऱ्यांना हे लागू नाही, हे सांगायला नको. मुंबईच्या लोकलमध्ये दारापासून आत सरकताना मात्र मला हॅमिल्टन आठवतो.

पण गोळा होणं ही नंतरची गोष्ट. त्याआधी शिकारी दिसायला तर हवा. आणि थव्याचं खरं गणित इथे आहे.

बदक खात असतं तेव्हा त्याची मान खाली असते. मान वर करून टेहळणी केली तर पोट रिकामं राहतं. समजा, एक पक्षी दहातला एकच क्षण मान वर करतो. एकटा असेल तर कोणत्याही क्षणी धोका दिसायची शक्यता फक्त १० टक्के. दहा पक्षी असतील आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने मान वर करत असेल, तर दहाही माना एकदम खाली असण्याची शक्यता म्हणजे ०.९ ला ०.९ ने दहा वेळा गुणायचं. उत्तर सुमारे ०.३५. म्हणजे ६५ टक्के वेळा निदान एक तरी डोळा उघडा. तीस पक्षी झाले तर ९६ टक्के. एकाही पक्ष्याने आपलं जेवण कमी केलेलं नाही, तरी पहारा जवळजवळ अखंड. रॉनल्ड पुलियम यांनी १९७३ साली हे गणित मांडलं, आणि पुढे कितीतरी जातींमध्ये दिसलं की थवा मोठा होत जातो तसा एकेका पक्ष्याचा टेहळणीचा वेळ घटतो आणि खाण्याचा वाढतो.

या गणितात ‘आपापल्या मनाने’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. सगळे एकाच तालात मान वर-खाली करत असतील, तर तीस पक्षी म्हणजे एकच पक्षी. वर्गात मी हे नाण्यांनी शिकवते. इथे ते बदकांनी शिकवता आलं असतं, पण वर्ग पहाटे पाचला येत नाही.

डोळ्यांचाही फरक आहे. मनोऱ्याच्या डावीकडे थापट्या बदकं गोल गोल फिरत होती. त्यांची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद, आणि कडांना कंगव्यासारखे बारीक दाते. पाणी आत घ्यायचं, गाळून बाहेर सोडायचं, अडकलेलं गिळायचं. यात बघायचं काही नसतं, सगळं काम स्पर्शाचं. म्हणून थापट्याचे डोळे डोक्याच्या बाजूला वर अशा जागी आहेत की त्याला चहूकडचं दिसतं, डोक्यामागचंसुद्धा. तरंग बदक मात्र गवत खुडून खातं. कोणतं पातं खुडायचं हे चोचीच्या टोकाशी नीट दिसावं लागतं, त्यामुळे त्याचे डोळे जरा पुढे वळलेले आणि डोक्यामागे एक आंधळी पट्टी राहिलेली. फ्रान्समध्ये या दोन बदकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तरंग बदक खाणं थांबवून मान वर करण्यात थापट्यापेक्षा जास्त वेळ घालवतं. पुढचं नीट दिसण्याची किंमत ते मागे वळून बघत फेडतं.

आणि झोप? बेटावर बदकं चोच पाठीत खुपसून बसली होती. दुर्बिणीतून नीट बघा, कडेच्या बदकाचा बाहेरचा डोळा उघडा असतो. नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅलार्ड बदकांना एका रांगेत झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाची बदकं मात्र त्यांच्याहून कितीतरी जास्त वेळ अर्ध्या मेंदूने झोपत आणि उरलेल्या अर्ध्याने जागी राहत, उघडा डोळा बहुधा रांगेच्या बाहेरच्या बाजूला. थव्यातली जागा बदलली की झोपेचीही जात बदलते.

आता आमचा थवा.

चौदा माणसं म्हणजे अठ्ठावीस डोळे. वरचंच गणित आम्हालाही लागू पडायला हवं. एखादा लपलेला पक्षी एकट्या माणसाला दिसण्याची शक्यता निम्मी धरली, तर चौघांपैकी निदान एकाला दिसण्याची शक्यता ९४ टक्के होते. घोळक्याने पक्षी बघायचा फायदा हाच. पण घोळका बडबडा असतो.

उन्हं वर आली तेव्हा पाण्यातल्या एका खांबावर एक मोठा शिकारी पक्षी बसलेला दिसला. फिकट डोकं, डोळ्यावरून गडद पट्टी. आमच्यातले एक काका, ज्यांची दुर्बीण सगळ्यांत महाग, ते म्हणाले, “कैकर! मासेमार!” झालं. पुढच्या मिनिटात आम्हा बारा जणांना कैकर दिसला. एकीला त्याच्या पंजात मासासुद्धा दिसला. मलाही दिसला, खोटं कशाला बोलू. गावातला तरुण गाइड टेलिस्कोप लावत होता. त्याने शांतपणे डोळा लावला, काकांकडे बघितलं आणि म्हणाला, “सर, पोट बघा ना. कैकरचं पोट पांढरं असतं. हे सगळं चॉकलेटी आहे. भोवत्याची मादी आहे ही.”

होतीच. मघाशी वारकऱ्यांची गठडी वळणारीच बहुधा. तिचं डोकं क्रीम रंगाचं असतं आणि डोळ्यावर पट्टीही असते. आमच्यातल्या कुणीही पोटाकडे बघितलं नव्हतं, कारण नाव आधीच मिळालं होतं. बारा साक्षीदार होते, पण संख्याशास्त्राच्या भाषेत साक्ष एकच, बाकीचे अकरा प्रतिध्वनी.

पाखरांनाही ही अडचण आहेच. शेजारचा पक्षी उडाला तर त्याला शिकारी दिसला, की नुसती जागा बदलायची होती? दर वेळी त्याच्यामागे उडायचं म्हटलं तर दिवसभर उडण्यातच जाईल, आणि मध्य आशियापर्यंत परत जायला लागणारी चरबी अशा फुकट उड्डाणांत जळते. लहान पक्ष्यांवरच्या प्रयोगांत यावरचा तोडगा दिसला: एकच पक्षी निघून गेला तर बाकीचे बहुतेक वेळा चरतच राहतात, पण दोन-तीन एकदम उडाले तर सगळा थवा उठतो. एकाच्या सांगण्यावर जायचं नाही, स्वतंत्र दुसरी साक्ष मिळाली तर मात्र क्षणही थांबायचं नाही. आम्ही बारा जणांनी हे केलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये मी एक नियम आणला आहे. सुरुवातीला त्यावर बरीच कुरकुर झाली. मनोऱ्यावर पहिली चाळीस मिनिटं कुणी नाव उच्चारायचं नाही. प्रत्येकाकडे चिठ्ठी आणि पेन्सिल. (थंडीत बॉलपेन चालत नाही, हा धडा वेगळा.) दिसेल ते आपापलं लिहायचं, संख्येसकट. बोलायचं ते चहाला. कैकरचा गोंधळ झाला त्या दिवशी आम्ही नियमाआधीच तोंड उघडलं होतं, त्यामुळे त्यानंतर सगळे निमूट चिठ्ठ्यांकडे वळले.

वारकरी एकेक करून मोजता येत नाहीत. पद्धत अशी: आधी दहा पक्षी खरोखर मोजायचे आणि ते दुर्बिणीच्या गोलात किती जागा घेतात ते डोळ्यांत बसवायचं. मग तो दहाचा तुकडा पुढे पुढे ठेवत जायचं. थवा फार मोठा असेल तर शंभराचा तुकडा. सोपं वाटतं, पण मोठ्या थव्यांच्या बाबतीत माणसाचा अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा कमीच येतो, कारण मागचे पुढच्यांआड झाकले जातात आणि गर्दी झाली की आपला ‘दहा’ नकळत फुगतो. त्यामुळे दोघांच्या चिठ्ठ्यांवर दुपटीचा फरक आला तरी मी कुणाला रागवत नाही. तो फरकही माहितीच असतो. मोजणी किती ढिली आहे, हे त्यातून कळतं.

चिठ्ठ्या वेगळ्या ठेवण्याचा खरा फायदा मात्र दुसरा आहे, आणि माझ्या विषयातली ती माझी सगळ्यांत आवडती युक्ती. समजा, ग्रुपच्या दोन तुकड्या केल्या आणि त्या एकमेकांशी न बोलता फिरल्या. पहिलीला ४८ जाती दिसल्या, दुसरीला ४५. दोन्ही याद्यांत असलेल्या जाती ३६. तर कुणालाच न दिसलेल्या जाती किती? प्रश्न चावट वाटतो. पण विचार करा. पहिलीच्या ४८ पैकी ३६ दुसरीलाही दिसल्या, म्हणजे दुसरीची नजर चारातल्या तीन जाती पकडते. मग तिच्या ४५ जाती म्हणजे एकूणाच्या तीन चतुर्थांश. एकूण ६०. दोन्ही याद्या मिळून ५७ जाती होतात, म्हणजे तीनेक जाती तिथे होत्या आणि आपण सगळेच त्यांना चुकलो. फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये अमेरिकेतल्या बदकांची संख्या काढायला, पायात घातलेल्या कड्यांवरून, हाच हिशेब वापरला. त्याआधी डेन्मार्कच्या पीटरसन यांनी माशांसाठी. दबकून राहणाऱ्या जाती दोन्ही तुकड्यांना चुकतात, म्हणून खरा आकडा बहुधा याहून थोडा जास्तच असतो.

आणि दोन्ही तुकड्या वाटेत भेटून बोलल्या तर? मग याद्या सारख्या होतात, समान जाती वाढतात, आणि गणित सांगतं की तुम्हाला जवळजवळ सगळंच दिसलं. गप्पा मारल्याने नजर सुधारत नाही, फक्त समाधान वाढतं.

जानेवारीतल्या अशा मोजण्या एकट्यादुकट्या नाहीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि ती बहुतांशी हौशी लोकांवरच चालते. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. तो तीस हजारांहून जास्त पक्षीवाल्यांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. घट कळते कशी? जे दिसलं त्यावरून नाही, जे दिसलं नाही त्यावरून. तुम्ही दिसलेली प्रत्येक जात लिहिली असेल, चिमणी-कावळ्यासकट, तरच यादीत नसलेल्या पक्ष्याला शून्य मानता येतं. फक्त ‘भारी’ पक्षी लिहिणाऱ्याच्या यादीतून काहीच शून्य निघत नाही. नीलपंखाचं तेच झालं. तारेवर बसलेला तो निळा पक्षी इतका ओळखीचा की कमी होतोय हे कुणा एकाला जाणवलं नाही, हजारो याद्यांतल्या शून्यांनी ते सांगितलं. आमच्या त्या दिवशीच्या यादीतही नाशिक ते नांदूर, जाताना-येताना, नीलपंख शून्य.

मोजणी चालू असताना खालच्या चिखलात एक जण मोठी लेन्स घेऊन पाणकणसात शिरला. कोण होता माहीत नाही, आमच्यातला नव्हता. प्रत्येक पक्ष्याचं एक अंतर असतं. माणूस त्याच्या आत आला की तो उडतो. मोठ्या थव्यात हे अंतर सगळ्यांत भित्र्या पक्ष्याच्या मापाने ठरू शकतं. चक्रवाक उठले, त्यांच्याबरोबर तलवार बदकं, मग हळदी-कुंकू बदकं, आणि दोन मिनिटांत डावा भाग रिकामा. इथे चिठ्ठ्यांचा उपयोग नव्हता. माझ्या शेजारच्या काकू चिठ्ठीवर लिहीत होत्या: ‘तलवार बदक २१०, मग ०.’

चहा टपरीवरच. हातात गरम पेला आल्याशिवाय कुणाची बोटं सरळ होईनात. मी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि जुळवायला बसले. बहुतेक जाती सहा-सात चिठ्ठ्यांवर. टिबुकली तेराजणांकडे. कमळपक्षी आठांकडे. आणि एक जात फक्त एका चिठ्ठीवर: ‘पाणलावा १’, शेजारी चित्र, लांब सरळ चोच, पाठीवर पिवळट पट्टे. ही चिठ्ठी आमच्यातल्या एकीच्या पाचवीतल्या मुलाची.

काकांनी भुवया उंचावल्या. “कुठे होता रे?”

“मागे. मनोऱ्याच्या मागच्या चरात.”

“तू तिकडे काय बघत होतास?”

“तुम्ही सगळे पुढे उभे होतात. मला काही दिसतच नव्हतं.”

आम्ही चहा टाकून परत गेलो. पुन्हा चढलो, या वेळी उलट्या बाजूला. चर म्हणजे काय, हातभर रुंदीचं ओलं गवत. पाच मिनिटं कुणालाच काही दिसेना. मग मुलाने बोट केलं आणि वाळक्या गवताचा एक पुंजका पक्षी झाला. पाणलाव्याचे डोळे डोक्यावर इतके मागे आणि वर असतात की चोच मुळापर्यंत चिखलात असतानाही त्याला मागचं आकाश दिसतं. त्याला चिखलातला किडा डोळ्यांनी शोधायचाच नसतो. चोचीच्या टोकात स्पर्शाची केंद्रं दाटलेली, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक चिखलात उघडता येतं.

चाळीस मिनिटं आम्ही तेरा जण त्याच्याकडे पाठ करून उभे होतो, आणि त्याला त्या तेराही पाठी दिसत होत्या. तो खुपसत होता, शिवणयंत्राच्या सुईसारखा, वर-खाली, वर-खाली. आम्ही येऊन बघतोय, याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. काका दुर्बीण खाली घेऊन त्या मुलाला विचारत होते, “पेन्सिल दे रे जरा.”